कोंबडीच्या पिलांतील नर-मादी आणि पिसांचा रंग : ओळख, समजुती व शालेय निरीक्षण

खेड्यातील शाळेच्या परिसरात निसर्गाभ्यासाची जी साधने सहज उपलब्ध असतात, त्यांत कोंबडी व तिची पिले यांचे स्थान महत्त्वाचे आहे. अहमदपूर, किनगाव, शिरूर ताजबंद किंवा हाडोळती यांच्या भोवतालच्या कोणत्याही वस्तीत चार-दोन घरांच्या अंगणात पिलांसह हिंडणारी कोंबडी दृष्टीस पडते. या पिलांविषयी मुले जो प्रश्न पहिल्याने विचारतात, तो असा : "यांतला कोंबडा कोणता आणि कोंबडी कोणती?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरात आनुवंशिकता, गणितातील संभाव्यता आणि समजुतीची कसोटी घेण्याची रीत ही तिन्ही अंगे सामावलेली आहेत. यास्तव शिक्षक बंधुभगिनींना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र दिली आहे.

या प्रश्नाला घरप्रपंचाचीही बाजू आहे. अंड्यांसाठी पक्षी पाळणाऱ्या कुटुंबास तलंगा हव्या असतात. राज्याच्या पशुसंवर्धन विभागाने एकदिवसीय १०० पिलांचे गट, तसेच २५ तलंगा व ३ नर यांचे गट अनुदानावर देण्याच्या योजना राबविल्या आहेत. यांतील दुसऱ्या प्रकारात पक्षी आठ ते दहा आठवड्यांचे असल्याने नर-मादी वेगळे झालेले असतात. पहिल्या प्रकारात न निवडलेली पिले आली, तर त्यांत निम्म्याच्या आसपास नर निघणार, हे घेणाऱ्याने आधीच धरून चालावे लागते. जी गृहिणी शंभरही पिले अंडी देतील असा हिशेब मांडते, तिचा खाद्याचा व उत्पन्नाचा अंदाज पहिल्या दिवसापासूनच चुकतो. एखादा विक्रेता पिलाचा रंग दाखवून "ही सारी मादीच" असे सांगू लागला, तर त्याच्या म्हणण्यात तथ्य किती, हे पारखण्याचे ज्ञान गावात कोणास तरी असावयास हवे. ते शिक्षकास असल्यास सर्व गावास त्याचा लाभ होतो.

प्रचलित समजुती

पिलांचे लिंग ओळखण्याच्या अनेक युक्त्या लोकांत ऐकावयास मिळतात. लांबट, टोकदार अंड्यातून कोंबडा व गोलसर अंड्यातून कोंबडी निघते, अशी एक समजूत आहे. दोऱ्यात ओवलेली सुई अंड्यावर धरली असता ती सरळ हलली तर नर व गोल फिरली तर मादी, अशी दुसरी आहे. पिलू पाय धरून उलटे टांगले असता ते मान वर उचलते की खाली सोडते, यावरूनही कोणी निर्णय देतात.

या समजुती केवळ आपल्याकडील नव्हेत व आजच्याही नव्हेत. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले की, लांबट व टोकदार अंडी मादीची आणि गोलसर अंडी नराची होत. पुढे रोमन कृषिलेखक कोलुमेला याने नेमके उलट सांगितले : नर हवे असतील तर लांबट व टोकदार अंडी निवडावीत. दोघेही मोठे जाणकार. परंतु दोघांचेही म्हणणे एकाच वेळी खरे असणे शक्य नाही. आजच्या ज्ञानाप्रमाणे दोघांपैकी कोणाचेही खरे नाही. अंड्याचा आकार कोंबडीच्या अंडनलिकेत ठरतो. आतील पिलाच्या लिंगाशी त्याचा संबंध नसतो.

मग अशा समजुती इतका काळ टिकल्या कशा? याचे कारण गणितात आहे. पिलू नर किंवा मादी यांपैकी एकच असणार. त्यामुळे डोळे मिटून सांगितले तरी निम्म्या वेळा उत्तर बरोबर येतेच. दहा पिलांविषयी नुसता अंदाज बांधला, तर आठ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याचा योग १०२४ मध्ये ५६, म्हणजे सुमारे १८ त १ इतका असतो. गावातील वीस जणांनी असा अंदाज केला, तर त्यांतील एखादा केवळ योगायोगाने "अचूक जाणकार" ठरतो. त्याचे नाव सर्वतोमुखी होते; चुकलेल्यांची आठवण कोणी ठेवीत नाही.

लिंग केव्हा व कसे ठरते

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. पुष्कळ प्राण्यांत त्यांपैकी एक जोडी लिंग ठरविते. पक्ष्यांत या जोडीतील गुणसूत्रांना 'झेड' व 'डब्ल्यू' अशी नावे आहेत. कोंबड्याजवळ दोन्ही गुणसूत्रे झेड असतात. कोंबडीजवळ एक झेड व एक डब्ल्यू असते. कोंबड्याकडून पिलास नेहमी झेडच मिळते. कोंबडीकडून झेड आले तर पिलू नर होते, डब्ल्यू आले तर मादी होते. म्हणजेच कोंबडीच्या जातीत पिलाचे लिंग आईकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, आणि तेही अंड्यावर कवच चढण्यापूर्वीच. पुढे २१ दिवस ऊब देताना तिथी, वार किंवा अंडी मांडणाऱ्याचा हातगुण यांनी त्यात पालट होत नाही.

हे तत्त्व वर्गात दाखविण्यासाठी दोन पिशव्या, काही चिंचोके व खडे एवढे साहित्य पुरे. 'कोंबडा' लिहिलेल्या पिशवीत दोन चिंचोके ठेवावेत. 'कोंबडी' लिहिलेल्या पिशवीत एक चिंचोका व त्याच आकाराचा एक खडा ठेवावा. मुलाने न पाहता प्रत्येक पिशवीतून एकेक वस्तू काढावी, नोंद करावी व वस्तू परत टाकाव्यात. दोन चिंचोके आले तर नर. चिंचोका व खडा आला तर मादी. प्रत्येक मुलाने बारा वेळा ही कृती केल्यास एकेक 'रवण' तयार होईल. बारापैकी नेमके सहा नर व सहा मादी येण्याचा योग शंभरात सुमारे २३ वेळाच असतो, तर नऊ किंवा अधिक नर येण्याचा योग शंभरात सुमारे ७ वेळा असतो. एखाद्या घरी बारांत नऊ कोंबडे निघाले म्हणून कोंबडीस किंवा दैवास दोष देण्याचे कारण नाही, हे मुलांस या खेळातून आपोआप उमगते. सर्व मुलांच्या नोंदींची बेरीज केली असता मात्र प्रमाण निम्म्याजवळ येते.

रंगावरून लिंग केव्हा कळते

रंगावरून नर-मादी कधीच ओळखता येत नाहीत, असे नव्हे. मात्र त्यासाठी आई व बाप यांचा वाण ठाऊक असावा लागतो आणि त्यांची जुळणी विशिष्ट प्रकारे केलेली असावी लागते.

पिसांच्या रंगाशी संबंधित काही जनुके झेड गुणसूत्रावरच असतात. अमेरिकन शास्त्रज्ञ स्पिलमन यांनी १९०८ साली प्लायमाउथ रॉक कोंबड्यांच्या पिसांवरील पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांचा वारसा लिंगाशी निगडित असल्याचे दाखविले. पुढे केंब्रिज येथील पनेट यांनी पिलांची निवड करण्यासाठी या गोष्टीचा उपयोग सुचविला, आणि १९२९ साली त्यांनी व पीझ यांनी 'कँबार' नावाचा वाण तयार केला. त्यातील नर व मादी जन्मतःच रंगावरून वेगळे ओळखू येत.

पट्ट्यांचे उदाहरण घेऊ. कोंबडी पट्टेदार प्लायमाउथ रॉक आहे व कोंबडा ऱ्होड आयलंड रेड आहे. पट्ट्यांचे जनुक कोंबडीच्या एकुलत्या एका झेडवर आहे. ते झेड फक्त मुलग्यांना मिळते. त्यामुळे नर पिले काळी असली तरी त्यांच्या डोक्यावर पांढुरका ठिपका असतो व मोठेपणी त्यांना पट्टे येतात. मादी पिलांना आईकडून डब्ल्यू मिळते, पट्ट्यांचे जनुक मिळत नाही. म्हणून त्यांच्या डोक्यावर ठिपका नसतो. वर सांगितलेल्या खेळात 'कोंबडी'च्या पिशवीतील चिंचोक्यास चुन्याचा ठिपका लावावा. ज्या ज्या वेळी नर येईल, त्या त्या वेळी ठिपक्याचा चिंचोका आलेला दिसेल; मादी आली असता तो कधीच दिसणार नाही. याहून सोपे प्रात्यक्षिक क्वचितच असेल.

येथे एक गोष्ट विसरू नये. जुळणी उलट केली, म्हणजे कोंबडा पट्टेदार व कोंबडी ऱ्होड आयलंड रेड घेतली, तर नर व मादी अशा सर्वच पिलांना ठिपका येतो आणि खूण निरुपयोगी ठरते. खूण तीच, पिलेही तशीच काळी. परंतु आईबापांची अदलाबदल होताच तिचा अर्थ नाहीसा होतो. शुद्ध पट्टेदार वाणात नराच्या डोक्यावरील ठिपका मोठा व पसरट, तर मादीचा लहान व आटोपशीर असतो. पण हा भेद ओळखण्यास सरावलेली नजर लागते व चूक संभवते.

दुसरी जुळणी सोनेरी व चंदेरी रंगांची. ऱ्होड आयलंड रेड कोंबडा व लाइट ससेक्स कोंबडी यांच्या संकरात नर पिलांची लव फिकट पिवळी व मादी पिलांची लव तांबूस असते. तपकिरी अंडी देणाऱ्या अनेक व्यापारी वाणांची पिले याच तत्त्वावर निवडली जातात.

तिसरी खूण पंखांच्या पिसांची आहे. पंखातील लांब पिसे व त्यांच्या मुळाशी असलेली आच्छादक पिसे यांची तुलना जन्माच्या पहिल्या दिवशी केली जाते. बाप लवकर पिसे फुटणाऱ्या वाणाचा व आई उशिरा पिसे फुटणाऱ्या वाणाची असेल, तर मादी पिलाची लांब पिसे आच्छादक पिसांहून स्पष्टपणे मोठी दिसतात; नर पिलात दोन्ही जवळजवळ सारखी असतात किंवा आच्छादक पिसे मोठी असतात. ही खूणही मुद्दाम केलेल्या जुळणीपुरतीच खरी आहे.

गावठी कोंबड्यांत अनेक रंगांचा व अनेक पिढ्यांचा संकर झालेला असतो. हैदराबाद येथील कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेला वनराजा किंवा बेंगळुरू येथे विकसित झालेला गिरिराज यांसारख्या वाणांचा पिसाराही बहुरंगी असतो. अशा पिलांत काळे म्हणजे नर किंवा तांबडे म्हणजे मादी असा नियम लावणे निराधार होय.

तज्ज्ञांची पद्धत

कोणत्याही वाणाच्या एकदिवसीय पिलाचे लिंग ओळखण्याची एक पद्धत जपानी संशोधकांनी शोधून काढली. पिलाच्या गुदद्वाराच्या आतील बाजूस असणारा सूक्ष्म उंचवटा पाहून हा निर्णय केला जातो. मासुई व हाशिमोतो यांच्या या संशोधनाची माहिती १९२७ साली ओटावा येथील जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे आली आणि १९३३ साली त्यांचे पुस्तक इंग्रजीत निघाले. प्रशिक्षित व्यक्ती तासाला शेकडो पिले तपासते व तिच्या चुका फार थोड्या असतात. परंतु हे कौशल्य दीर्घ सरावाने येते. अननुभवी हाताने दाब दिल्यास पिलास इजा होते व ते मरतेही. म्हणून शाळेत ही कृती कोणत्याही परिस्थितीत करू किंवा करवू नये.

या निवडीची एक दुःखद बाजूही आहे. अंड्यांसाठीच्या वाणातील नर पिले अंडी देत नाहीत व मांसासाठीही फारशी वाढत नाहीत. म्हणून उबवणी केंद्रांत ती पहिल्याच दिवशी नष्ट करण्याची प्रथा जगभर पडली. जर्मनीने २०२२ च्या आरंभापासून व फ्रान्सने २०२३ पासून तिला कायद्याने बंदी केली. तेथे अंड्यातच लिंग ओळखण्याच्या पद्धती उपयोगात येत आहेत. आपल्याकडील बाजारात व जत्रांत हिरवी, गुलाबी, निळी रंगविलेली जी पिले मुले हौसेने विकत घेतात, ती बहुधा अशीच टाकाऊ ठरविलेली नर पिले असतात. तो रंग पिसांचा नसून वरून लावलेला असतो. ऊब व योग्य खाद्य यांच्या अभावी त्यांपैकी बहुतेक लवकरच मरतात. मुलांना हे समजावून सांगितल्यास त्यांची दयाबुद्धी योग्य दिशेने वळेल.

गावठी पिलांत वयोमानाने दिसणाऱ्या खुणा

अंगणातील पिलांविषयी धीर धरणे हाच खरा उपाय आहे. शिक्षकांनी पुढील क्रम लक्षात ठेवावा.

(१) पहिला आठवडा : बाह्य खुणांवरून खात्रीने सांगता येत नाही.

(२) दुसरा व तिसरा आठवडा : पुष्कळ भारी वाणांत मादीच्या शेपटीस व पाठीस पिसे लवकर फुटतात, नर काही काळ उघडा दिसतो. हा केवळ कल समजावा.

(३) चौथा ते सहावा आठवडा : नराचा तुरा मोठा व लालसर होऊ लागतो, पाय जाड दिसतात. मादीचा तुरा लहान व फिकट राहतो.

(४) आठवा ते बारावा आठवडा : नराच्या मानेवर व पाठीच्या मागील भागावर लांब, टोकदार व चकाकणारी पिसे येतात, मादीची त्याच जागेची पिसे गोल टोकाची असतात. ही खूण फार विश्वसनीय आहे. याच सुमारास नर आरवण्याचा प्रयत्न करू लागतो.

लवेचा रंग म्हणजे पुढील पिसांचा रंग नव्हे, हेही मुलांस दाखवावे. पांढऱ्या लेगहॉर्नचे पिलू पिवळे असते. ब्लॅक ऑस्ट्रॉलॉर्पच्या काळ्या पिलाचे पोट पांढुरके असते व मोठेपणी तो पक्षी सर्वांगी काळा होतो. रानकोंबडीसारख्या रंगाच्या गावठी पिलांच्या पाठीवर तपकिरी पट्टे असतात. पुढे त्यांतील नराची छाती काळी व मान तांबूस-सोनेरी होते, तर मादी मातकट राहते.

नराच्या व मादीच्या पिसांत हा भेद का पडतो, याचे उत्तर मनोरंजक आहे. मादीच्या अंडाशयातून येणाऱ्या संप्रेरकामुळे तिची पिसे गोल टोकाची व साधी राहतात. हे संप्रेरक नसेल तर पिसे नरासारखी येतात. कोंबडीचे डावीकडील एकच अंडाशय कार्य करते. ते रोगाने निकामी झाले, तर प्रौढ कोंबडीसही कोंबड्यासारखी पिसे येतात व ती कधी कधी आरवू लागते. कोंबडीने आरवणे अपशकुनी मानून तिला मारण्याची रूढी आहे; वस्तुतः तो शकुन नसून शारीरिक विकार आहे.

शाळेतील उपक्रम

इयत्ता तिसरीपासून पुढील वर्गांत पुढील उपक्रम सुलभतेने करता येतो. ज्या विद्यार्थ्याच्या घरी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसविली आहे, त्याने प्रथम अंड्यांची संख्या व बसविल्याची तारीख लिहावी. पिले निघाल्यावर प्रत्येकाच्या पायात वेगवेगळ्या रंगाचा सैलसर दोरा बांधावा. पाय जाड होत जातो म्हणून दोरा दर दोन-तीन दिवसांनी पाहून सैल करावा. वहीत पाच रकाने आखावेत : दोऱ्याचा रंग, लवेचा रंग, पहिल्या दिवशी केलेला अंदाज व त्याचे कारण, बाराव्या आठवड्यातील पिसांचा रंग, आणि प्रत्यक्ष लिंग. अंदाज शाईने लिहावा व नंतर खोडू नये. या उपक्रमाचा सारा प्राण या एका नियमात आहे. मेलेल्या किंवा घारीने नेलेल्या पिलांचीही नोंद ठेवावी.

अंड्याच्या आकाराची समजूत पारखावयाची असल्यास एका कोंबडीखाली केवळ लांबट व दुसरीखाली केवळ गोलसर अंडी ठेवावीत. एकत्र ठेवल्यास कोणते पिलू कोणत्या अंड्यातून निघाले हे कळणार नाही. एका घरच्या दहा-बारा पिलांवरून निष्कर्ष काढू नये. साऱ्या वर्गाच्या नोंदी एकत्र कराव्यात. ज्या वडीलधाऱ्यांनी अंदाज सांगितला असेल, त्यांची थट्टा होऊ देऊ नये. त्यांचा अंदाज आदराने लिहून घ्यावा व निकालही तितक्याच आदराने त्यांना कळवावा.

आरोग्याची दक्षता अवश्य घ्यावी. पिले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. पक्षी अचानक मरू लागल्यास मुलांनी त्यांना स्पर्श करू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास तत्काळ कळवावे. जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यातील केंद्रेवाडी येथे कोंबड्या मोठ्या संख्येने मेल्यावर भोवतालचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून घोषित करावा लागला होता, हे स्मरणात ठेवावे. अधिक माहितीसाठी उदगीर येथील पशुवैद्यक महाविद्यालय जवळच आहे.

वर्गात उपस्थित होणारा एक नाजूक प्रश्न

कोंबडीत लिंग आईवरून ठरते, असे सांगितल्यावर एखादे मूल विचारील, "माणसांतही तसेच का?" या प्रश्नास शिक्षकाने टाळू नये. मनुष्यात व्यवस्था नेमकी उलट आहे. तेथे आईजवळ एकाच प्रकारची दोन गुणसूत्रे असतात व पित्याजवळ दोन प्रकारची. म्हणून पिशव्यांची अदलाबदल करावी : 'आई'च्या पिशवीत दोन चिंचोके आणि 'वडील' यांच्या पिशवीत एक चिंचोका व एक खडा. दोन चिंचोके आले तर मुलगी. खडा आला तर मुलगा. आईच्या पिशवीत खडाच नाही, हे मुले आपल्या हातांनी पाहतील. पित्याच्याही हातात निवड नसते, कारण तोही न पाहताच वस्तू काढतो, हे त्यांना त्याच वेळी सांगावे.

आपल्या समाजात मुलीच झाल्या म्हणून सुनेला दूषण दिले जाते, तिला माहेरी धाडले जाते. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या. २०११ मध्ये ती संख्या ८९४ वर आली. गर्भलिंगनिदानास १९९४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी असतानाही असे घडले. अंड्यांसाठी पक्षी पाळणाऱ्यास मादी हवीशी वाटते, आणि त्याच घरात कन्या नकोशी होते, ही विसंगती मुलांच्या लक्षात आणून देण्यास व्याख्यानाची गरज नाही. दोन पिशव्यांचा खेळ पुरेसा आहे. मात्र वर्गातील कोणत्याही विद्यार्थ्याच्या घराचा उल्लेख या वेळी होणार नाही, याची शिक्षकांनी काळजी घ्यावी.

सारांश असा की, पिलाचा रंग पाहून लिंग सांगणाऱ्यास प्रथम विचारावे, "याचे आईबाप कोणत्या वाणाचे?" उत्तर मिळाले व जुळणी योग्य असली, तर रंगावर विश्वास ठेवावा. उत्तर नसेल, तर वहीत अंदाज लिहून बारा आठवडे थांबावे. या हंगामात आपल्या शाळेतील निदान चार घरांच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ करावा आणि केंद्रसंमेलनात त्या इतर शाळांच्या नोंदींशी ताडून पाहाव्यात.